अकरा मार्चची सही

डोळे मिटा बरं घटकाभर, आणि एक खोली मनात आणा. अगदी लहान खोली. दोन्ही हात पसरलेत तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटं टेकतील. खिडकी नाही, खुर्ची नाही, कोपऱ्यात साधी केरसुणीसुद्धा नाही. वर जाळीआड एक दिवा. एका भिंतीवर बटणांची रांग, दुसरीवर पारा उडालेला आरसा. या खोलीत कुणी राहत नाही. माणसं मिनिटभर उभी राहतात आणि निघून जातात, म्हणून तिच्याकडे कुणी नीट बघतही नाही. ओळखलंत ना? लिफ्टच ती. आता तिच्यात तीन माणसं उभी करा. एक म्हातारी बाई, पाठ ताठ, हातात कापडी पिशवी. तिच्या पिशवीचा बंद धरून एक सात वर्षांची मुलगी. आणि गळ्यात टेप घातलेला एक शिंपी. झाली उभी? आता त्या खोलीला एक हिसका द्या. मोठा नको. झोप लागता लागता पायरी चुकल्यासारखं होतं ना, तेवढाच. खोली हातभर खाली घसरली, खाली कुठेतरी लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. दिवा एकदा मिचकला आणि तसाच जळत राहिला.

त्या म्हाताऱ्या बाईला सगळे बाईच म्हणत. चौतीस वर्षं पहिली-दुसरीची मुलं शिकवली की दुसरं नाव उरत नाही. मुलगी म्हणजे त्यांची नात. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. शिंप्याची ओळख नुकतीच, म्हणजे सहाव्या मजल्यावर लिफ्टची वाट बघताना झालेली. त्याला सगळे मास्तर म्हणतात असं त्याने सांगितलं होतं, आणि बाई शाळेतल्या आहेत हे कळल्यावर, मी आपला नावाचा मास्तर, कापड सोडून कुणाचे कान धरले नाहीत कधी, असं म्हणून हसला होता. बाईंना हा माणूस आवडला होता. आवडला म्हणूनच त्यांनी लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या, दार लागायच्याही आधी, बटणांच्या शेजारच्या पत्र्याच्या चौकटीकडे बोट करून सांगितलं होतं की या कार्डावरची सही माझ्या मुलाची आहे, तो लिफ्ट तपासतो, या भागातल्या सगळ्या लिफ्ट त्याच्याकडे आहेत, आणि आज त्याचा वाढदिवस आहे. चाळिसावा. मास्तरांनी मान पुढे काढून सही पाहिली आणि अक्षर काय सुंदर आहे असं म्हटलं. अक्षर मीच गिरवून घेतलंय, बाई म्हणाल्या. नेमका तेव्हाच हिसका बसला.

मग मास्तरांनी सगळी बटणं एकेकदा दाबून पाहिली, घंटेचं बटण बराच वेळ दाबून धरलं, आणि खालून वॉचमनचा आवाज आला, लांबून, विहिरीतून यावा तसा. त्याने विचारलं किती जण आहात, कुणाला बरं वाटत नाही असं आहे का, आणि दार ओढायला जाऊ नका. फोन लावलाय म्हणाला. चौथ्या आणि तिसऱ्याच्या मधे अडकलाय, साहेब आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे, पण साहेब जवळच आहेत, येतीलच. साहेब म्हणजे कोण, ते बाईंना विचारावं लागलं नाही. काळजात एकदम ऊब आली. त्यांनी भिंगरीकडे बघून मान हलवली. बघ, बाबाच येतोय. भिंगरीला त्यात नवल वाटलं नाही. बाबाचं कामच ते.

कोंडलेल्या जागेची बाईंना भीती नव्हती असं नाही. श्वास थोडा वर राहिला होता. छातीच्या आत कुणीतरी छोटंसं दार ओढून घेतल्यासारखं वाटत होतं. पण आयुष्यभर चाळीस मुलांसमोर उभं राहिलेल्या माणसाला भीती चेहऱ्याच्या आत ठेवायची सवय असते. त्यांनी पिशवी चाचपली. पेनाची डबी होती जागेवर. त्या पेनासाठीच तर इथे येणं झालं होतं. मुलगा तपासनीस झाला तेव्हा त्यांनीच ते त्याला दिलं होतं, जाड, काळं, शाईचं. त्याची निब वाकली होती. लिहिताना करकर आवाज करायची. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ते त्याच्या खणातून गुपचूप काढून घेतलं आणि सहाव्या मजल्यावरच्या पेनदुरुस्तीवाल्याकडे टाकलं. मुलगा तीन आठवडे पेन शोधत होता. सुनेवर चिडला, भिंगरीचं दप्तर उलटं केलं. बाई आतल्या आत हसत होत्या. आज संध्याकाळी केक कापायच्या आधी त्याच्या हातात डबी द्यायची, आणि मग त्याचा चेहरा बघायचा. तो चेहरा त्यांना आत्ताच दिसत होता. चाळीस वर्षांच्या, कानाशी पांढरे झालेल्या माणसाचा तो चेहरा हसला की अजूनही पहिल्या बाकावरच्या मुलाचा व्हायचा. तो त्यांच्याच वर्गात होता, पहिली आणि दुसरी. वर्गात त्याने बाई म्हणायचं आणि घरी आई, अशी शिस्त त्यांनी घातली होती, आणि त्याने ती एकदाही चुकवली नाही. एकदाही नाही, हे त्या लोकांना आवर्जून सांगत. आता या बंद खोलीत उभं राहिल्यावर मात्र त्यांना उगाचच आठवलं की एकदा शाळेत पडून त्याचं कोपर फुटलं होतं, रक्त मोज्यापर्यंत आलं होतं, आणि तो रडत रडत, बाई, बाई लागलं, असं म्हणत त्यांच्याकडे आला होता. तेव्हा त्यांना केवढा अभिमान वाटला होता.

भिंगरी आता भिंतीवर बोटांनी टकटक करू लागली होती. एकदा उजव्या भिंतीवर, एकदा डाव्या. तिचा खालचा ओठ पुढे यायला लागलेला बाईंनी पाहिला. रडायच्या आधी त्यांच्या घरात सगळ्यांचाच ओठ असा पुढे येतो. मूल घाबरलं की त्याच्या हाताला काम द्यावं, हे चौतीस वर्षांत शिकलेलं. त्यांनी पिशवीतून तिची रोजची वही काढली. या वहीत भिंगरीने रोज तारीख घालून एक-दोन ओळी लिहायच्या असा आजीचा नियम होता. तारखेशिवाय पान म्हणजे नाकाशिवाय चेहरा, असं त्या वर्गात म्हणत आणि फळ्यावर बिननाकाचा चेहरा काढून दाखवत. मुलं खिदळत, पण तारीख घालायला विसरत नसत. दुसरा नियम खोडरबराचा. खोडरबर वर्गात आणायचंच नाही. चुकलं तर खोडायचं नाही, लपवायचं नाही. चुकलेल्यावर एक सरळ रेघ मारायची, खाली बरोबर ते लिहायचं, आणि शेजारी स्वतःची सही करायची. सहा वर्षांचं पोर सही काय करणार? नावाचं पहिलं अक्षर काढायचं. पण काढायचं. माझी चूक, मी पाहिली, मी सुधारली.

भिंगरी जमिनीवर मांडी घालून बसली आणि पेन्सिलीने आजची तारीख घातली. काय लिहू, म्हणाली. लिहायचं की आज बाबाचा वाढदिवस आणि आज आम्ही बाबाच्या लिफ्टमध्ये अडकलो, आजी म्हणाली. मास्तर हसले. बाबाच्या लिफ्टमध्ये, हे बरं आहे. मग आता बाबाने येऊन सोडवलं नाही तर केक नाही. भिंगरीही हसली, तिच्या पुढच्या दाताची फट दिसली, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. तपासणी हा शब्द कसा लिहायचा, तिने विचारलं. तो समोरच लिहिलाय, बघ, वाचून काढ. हे त्या बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजात नुसतं शिकवणं नव्हतं. मास्तरांनी अजून एकदा ते कार्ड पाहावं, असंही होतं. माणूस पन्नास गोष्टींचा त्याग करतो, पण मुलाचं कौतुक ऐकायची संधी सोडत नाही.

भिंगरी उठली, टाचा उंचावून चौकटीशी नाक नेलं आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने, शब्दांवर बोट ठेवत वाचू लागली. दोर, तपासला. ब्रेक, तपासला. दाराची कडी, तपासली. सुरक्षा पकड, तपासली. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती, आणि प्रत्येक खूण एकसारखी, शेपटी वर उचललेली. तपासनीसाची सही. दिनांक, अकरा मार्च. इथे ती थांबली.

बाईंनीही आता चष्म्यातून ते कार्ड पाहिलं. इतका वेळ त्यांनी फक्त सही पाहिली होती. आपलं माणूस गर्दीत दिसलं की आजूबाजूचं काही दिसत नाही, तसं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळंच लख्ख दिसायचं. रस्त्यावरच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरचं बारीक, पलीकडच्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या शर्टाची बटणं. त्या लहान मुलासारख्या दिसेल ते वाचत सुटायच्या. अकरा मार्च. स्वच्छ, शब्दांत लिहिलेली तारीख. आकड्यांत कुणी फेरफार करू शकतं, शब्दांत नाही, म्हणून शब्दांत लिहायची, हेही त्यांनीच शिकवलेलं.

अकरा मार्चला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

हा दिवस त्यांनी किती जणांना सांगितला होता. शेजारणीला, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना, पेनदुरुस्तीवाल्याला, आज सकाळी रिक्षावाल्यालासुद्धा. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, मुलगा खुर्चीवरून हलला नाही. इतरांच्या लेकी-सुना येत होत्या जात होत्या, फोनवर बोलत होत्या, पण माझा मुलगा जागचा उठला नाही. नर्ससुद्धा म्हणाली, असा मुलगा बघितला नाही. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज एका ठरावीक ठिकाणी चढायचा आणि एका ठरावीक ठिकाणी उतरायचा. आणि तीत अजून एक तुकडा होता, तोही त्या न चुकता सांगायच्या. डोळ्यावर पट्टी होती, काही दिसत नव्हतं, पण कानावर करकर आवाज येत होता. काय करतोस रे? कामाची कार्डं आहेत, आई, तो म्हणाला होता. म्हणजे बघा, आईजवळ बसलाय तरी काम सोडलं नाही. करकर, करकर, थांबणं, पान सरकल्याचा आवाज, पुन्हा करकर. अक्षर नीट काढ, त्या पट्टीखालून म्हणाल्या होत्या. तो हसला होता. तुला दिसत नाहीये तरी? आवाजावरून कळतं मला, त्या म्हणाल्या होत्या, आणि निब दुरुस्त करून घ्यायचं तेव्हाच, तिथेच, पट्टीच्या अंधारात ठरवलं होतं.

खोलीची हवा एकदम कमी झाली. भिंती तिथेच होत्या, पण जवळ आल्यासारख्या. म्हणजे आपण तिथेच होतो, बाईंना वाटलं, तो हे लिहीत होता तेव्हा आपण हातभरावर होतो, आणि आपण काय म्हणालो, तर अक्षर नीट काढ. एकदा त्या हट्टाने त्याचं काम बघायला गेल्या होत्या. तो लिफ्टच्या टपावर उभा होता, दातात टॉर्च धरून, आणि हातात सुती फडकं घेऊन दोरावरून ते हळूहळू फिरवत होता. दोराची एखादी तार तुटली असेल तर डोळ्याला दिसत नाही, आई, फडक्याला कळते, फडकं अडकतं. इतका हळू फिरवत होता की त्या उभ्या राहून थकल्या. एका लिफ्टला दीड तास. आणि अकरा मार्चला दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून त्याने किती कार्डं लिहिली? किती वेळा पान सरकलं? दहा? बारा? त्या मोजायचा प्रयत्न करू लागल्या. पानाच्या त्या प्रत्येक सरकण्यात एक लिफ्ट होती, आणि त्या प्रत्येक लिफ्टमध्ये आत्ता या क्षणी कुणीतरी उभं होतं, बटणांकडे बघत, मिनिटभरासाठी.

दुसऱ्या एखाद्याने पुढची-मागची कुठलीही तारीख टाकली असती. हाताला जी येईल ती. कुणाला काही कळलं नसतं. पण याने त्याच दिवसाची तारीख घातली, शब्दांत, पूर्ण, कारण ज्या दिवशी लिहायचं त्या दिवसाची तारीख घालायची हे त्याच्या हातात कुणीतरी सहाव्या वर्षी इतकं घट्ट बसवलं होतं की खोटं लिहितानासुद्धा त्याचा हात खोटी तारीख घालू शकला नाही.

आणि त्याच्याही आधीचं आठवलं. नको होतं, पण आठवलं. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा तो म्हणाला होता, आई, अकराला माझ्या तपासण्या आहेत, ती बसेल तुझ्याजवळ, मी संध्याकाळी न्यायला येतो. सून लगेच हो म्हणाली होती. रजा टाकते म्हणाली होती. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, ठीक आहे. कुणालाच नको. मी एकटी जाईन. त्यांच्या घरात त्या 'ठीक आहे'चा अर्थ सगळ्यांना माहीत होता. मुलगा ताटावरून न बोलता उठला होता, आणि सकाळी आठ वाजता खुर्चीत होता.

भिंगरी वही चाळत होती. पानं मागे, मागे. जून, मे, एप्रिल. तिला थांबवायला हवं हे बाईंना कळत होतं, आणि काय म्हणून थांबवायचं ते कळत नव्हतं. मग तिला ते पान सापडलं, आणि तिने तेही मोठ्याने वाचलं, कारण वाचायचं ते मोठ्याने, असाही एक नियम होता. "अकरा मार्च. आज माझा पुढचा दात पडला. बाबा दिवसभर आजीजवळ दवाखान्यात आहे. दात कागदात ठेवला. बाबाला सात वाजता दाखवला."

तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आरोप वगैरे काही नव्हता. गणिताचं उत्तर जुळत नसलं की दिसतो तसा नुसता विचार होता.

"आजी, मग बाबा इथे कधी आला?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला होता आणि ते तो बोटाला गुंडाळत होते. ते टेप गुंडाळायचे थांबले.

चौतीस वर्षांत बाईंनी बरोबर उत्तराला चूक म्हटलं नव्हतं. एकदाही नाही, हे मात्र खरंच. मूल बरोबर असेल आणि पुस्तक चुकलं असेल तर त्यांनी पुस्तकावर रेघ मारली होती. आता त्यांनी ऐकलं की त्यांचाच आवाज अगदी शांतपणे, समजुतीने, वर्गातल्या आवाजात सांगतोय, "तारीख चुकली असेल तुझी. दहा असेल, नाहीतर बारा."

"पण तू तपासलीस ना वही? ही बघ तुझी खूण."

"माझ्या डोळ्याला पट्टी होती, बाळ. मला दिसत कुठे होतं तेव्हा?"

हे खोटंही नव्हतं. तेच वाईट होतं. भिंगरीने खालच्या लाल खुणेकडे पाहिलं, मग आजीच्या डोळ्याकडे, आणि तिचं कपाळ हळूहळू मोकळं झालं. आजी म्हणते म्हणजे चुकलंच असणार. मग रेघ मारू का, तिने विचारलं. आणि लगेच स्वतःच म्हणाली, पण पेन्सिलीने नाही चालत. रेघ पेनाने मारायची. बाई म्हणाल्या, घरी गेल्यावर. आणि एक पाऊल सरकून त्या कार्डाच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पत्र्याची कड खांद्याच्या हाडाला रुतत होती. रुतू दे, त्यांना वाटलं. समोर आरसा होता, आणि आरशात एक म्हातारी बाई पाठीमागे काहीतरी लपवून उभी होती, अगदी पहिलीतली मुलं उभी राहतात तशी. बाजूला सरकायला जागा नव्हती.

मग मास्तर बोलले. बाईंकडे बघून नाही, दाराच्या फटीकडे बघून. त्यांची बायको रोज एक वाजता डबा घेऊन याच लिफ्टने सहाव्या मजल्यावर येते, म्हणाले. तिला जिने नको सांगितलेत डॉक्टरांनी. सातवा महिना चालू आहे. मग टेप पुन्हा गुंडाळू लागले. आज माहेरी गेलीय म्हणून बरं, एवढंच. बाईंना वाटलं, या माणसाने ओरडावं. ओरडला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं, माझा मुलगा कसा आहे ते तुम्हाला ठाऊक नाही असं म्हणता आलं असतं. पण तो टेप गुंडाळत राहिला, नीट, कडेला कड लावून.

वर कुठेतरी दार वाजलं. मग वरून, शेवटच्या मजल्याच्याही वरून, आवाज आला. मोठा, शांत, कामाचा आवाज. आत किती जण आहात?

"तीन," मास्तर ओरडले. "त्यातली एक तुमची आई."

मग तोच आवाज, पण कामाचा नव्हे. "आई?"

"आम्ही ठीक आहोत," बाई म्हणाल्या. आवाज वर पोचला की नाही कोण जाणे. ठीक आहोत. त्यांना स्वतःच्याच शब्दाची शिसारी आली.

तो वर लिफ्टच्या यंत्राचं चक्र हाताने फिरवायला लागला तेव्हा ती खोली इंचा-इंचाने वर सरकू लागली. प्रत्येक फेऱ्याला एक हलका गचका, मग थांबणं. भिंगरी गचके मोजत होती. बाईंना प्रत्येक गचक्यात त्याचे दंड जाणवत होते. लहानपणी काटकुळे असलेले ते दंड आता वर कुठेतरी तिघांना उचलत होते, आणि काय सांगू तुम्हाला, त्या माउलीला त्या क्षणीसुद्धा अभिमान वाटला. तो जात नव्हता. खरं कळलं की अभिमान आपोआप निघून जाईल असं त्यांना मघाशी वाटलं होतं, पण तो आतच होता, त्यांच्यासारखाच, बाहेर पडायला दार नसलेला.

सत्तेचाळीस, भिंगरी म्हणाली, आणि खोली थांबली. जिन्यावरून धावत आलेली पावलं. दार उघडलं. चौथ्या मजल्यावर उजेड होता, फिनाइलचा वास होता, वॉचमन होता, कुठल्याशा कचेरीतली दोन माणसं होती, आणि पुढे तो. हात कोपरापर्यंत काळे, शर्टाची बाही फाटलेली. त्याने आधी भिंगरीला उचललं, मग आईचा हात धरला आणि उंबऱ्यावरून पार केलं. तेलाचा डाग आईच्या बाहीवर उमटला. लागलं नाही ना, घाबरलीस का, पाणी आणा कुणीतरी. ब्रेक झिजलाय, तो वॉचमनला म्हणाला, पकडीने धरलं म्हणून वाचलं, लिफ्ट बंद ठेवा. बोलताना तो कुणाच्याच डोळ्यांत बघत नव्हता.

मास्तर सगळ्यांत शेवटी बाहेर आले. टेपाची गुंडाळी खिशात घातली. "साहेब, एक विचारू? मार्चमध्ये ब्रेक तपासला होतात ना?"

वॉचमन वळून बघू लागला. मुलाने हात पुसायचं फडकं खिशातून काढलं आणि बोटं एकेक करून पुसायला लागला.

"कार्डावर तारीख आहे ना," तो म्हणाला. आणि मग त्याने आईकडे पाहिलं.

फक्त पाहिलं. पण ती नजर बाईंनी या आधी पाहिली होती. दुसरीत त्याने एकदा बेरीज खोडली होती, थुंकी लावून, बोटाने, कागदाला भोक पडेपर्यंत. आणि वही घेऊन बाईंच्या टेबलाशी उभा राहिला होता, भोकावर अंगठा ठेवून. त्या अंगठ्याकडे त्यांचं लक्ष गेलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या. वर्गासमोर स्वतःच्या मुलाची चूक कशी दाखवायची? त्यांनी त्या पानावर बरोबरची खूण केली होती आणि वही परत दिली होती. एवढी वर्षं ही गोष्ट त्यांना आठवली नव्हती. खरंच आठवली नव्हती.

"बाबा, माझी तारीख चुकली," भिंगरी सांगत होती. ती खाली उतरली होती आणि आजीच्या पिशवीत हात घालून डबी शोधत होती. "मी रेघ मारते. आजी, पेन दे ना, आता बाहेर आलो." डबी उघडली. काळं जाड पेन पाहून मुलाचा चेहरा खरोखरच बदलला, तीन आठवडे बाईंनी मनात रंगवला होता तसाच. ओठ उघडले, काहीतरी म्हणणार होता. भिंगरी जिन्याच्या पायरीवर बसली, वही मांडीवर घेतली, मार्चचं पान काढलं, टोपण दातात धरून ओढलं, आणि आपल्या पडलेल्या दाताच्या ओळीवर निब टेकवली.

"थांब," बाई म्हणाल्या.

त्या वळल्या. सगळे बघत होते. त्या परत त्या खोलीत शिरल्या, आणि उंबरा ओलांडताना त्यांच्या छातीतलं ते छोटं दार पुन्हा लागल्यासारखं झालं. पत्र्याच्या चौकटीतून कार्ड वरच्या बाजूने निघत होतं. निघताना थोडं अडकलं, मग आलं. ते घेऊन त्या बाहेर आल्या आणि नातीच्या वहीवर, त्या पानावर, ठेवलं. गुडघे वाकवून तिच्याशेजारी पायरीवर बसल्या, कारण लहान मुलाशी बोलायचं तर त्याच्या उंचीला यावं लागतं. आपल्या लेकाकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

"तुझी तारीख बरोबर होती," त्या म्हणाल्या. "मीच चुकीचं सांगितलं. चूक इथे आहे."

"आई," तो म्हणाला. त्या आवाजात विनवणी होती की सुटका होती, ते बाईंना उमगलं नाही. मास्तर भिंतीकडे बघत होते.

आता तुम्ही विचाराल, भिंगरीने मग काय केलं? तिने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा कार्डाकडे. दाताच्या फटीतून जीभ बाहेर काढली, जशी ती सरळ रेघ मारताना काढते, आणि कार्डावरच्या अकरा मार्च या शब्दांवर एक रेघ मारली. निबेचा आवाज मुळीच आला नाही. रेघेखाली बरोबर काय लिहायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती जागा तिने कोरी ठेवली. मग आजीने शिकवलं होतं तसं पेन उलटं फिरवलं, टोक आपल्याकडे, आणि उठून, कार्ड आणि पेन दोन्ही, बाबाच्या काळ्या हातांसमोर धरलं.